मोइवानासारख्या हत्याकांडाचा तपास वीस वर्षांनी कसा करायचा? (मूट कोर्टसाठी, मदत हवी)

पारोळेकर

राम राम मंडळी. यंदाच्या मूट कोर्टची (कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या नकली खटल्याच्या स्पर्धेची) समस्या काल्पनिक देशाची आहे, पण ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममधल्या मोइवानावरून उचललीय हे पहिल्याच पानावर कळतं. यादवी चालू आहे, लष्कराची तुकडी 'मरून' नावाच्या समाजाच्या गावात शिरते, बायकापोरं मारली जातात, घरं जाळली जातात, वाचलेले नदी ओलांडून शेजारच्या देशात जातात. अठरा वर्षांनी चौकशी आयोग बसतो. आम्हाला आयोगाच्या बाजूने तपासाचा आराखडा लिहायचाय. पंधरा पानं, दोन आठवडे.

ज्यांना मरून हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी: डच मळ्यांवरून पळून जंगलात वस्ती केलेल्या आफ्रिकी गुलामांचे हे वंशज. न्जुका आणि सारामाका हे त्यातले मोठे समाज. न्जुकांनी १७६० मध्ये आणि सारामाकांनी १७६२ मध्ये डचांशी तह करून स्वतःचा मुलूख राखला. मोइवाना न्जुकांचं गाव.

अडलंय ते असं. मृतांचा आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा दिसतो, कोणता धरायचा? सामूहिक खड्डा उकरताना नेमकं काय करतात, किती माणसं, किती दिवस? आणि हुकूम कोणी दिला हे कागद नसताना कसं दाखवायचं? आपल्याकडचा पंचनाम्याचा साचा लावला तर चालेल का, असंही एक जण म्हणतोय. वर्तमानपत्री माहिती नको, कामाचं सांगा.

वकीलभाऊ_धुळे

आधी एक चूक टाळा, कारण दर वर्षी निम्मे संघ तीच करतात. 'आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने मोइवानात जगण्याच्या हक्काचा भंग झाल्याचा निकाल दिला' असं लिहू नका. तसा निकाल नाही. हत्याकांड २९ नोव्हेंबर १९८६ चं. सुरिनामने अमेरिकी मानवाधिकार करार स्वीकारला आणि न्यायालयाचा अधिकार मान्य केला १२ नोव्हेंबर १९८७ ला. जवळजवळ वर्षभराचं अंतर पडलं, म्हणून गोळीबार हा प्रसंग न्यायालयाच्या कक्षेबाहेर राहिला. मग १५ जून २००५ चा निकाल उभा कशावर आहे? जे १९८७ नंतरही चालूच राहिलं त्यावर. तपास केला नाही, दोषींना हात लावला नाही, लोकांना गावी परतता आलं नाही, मृतांचे विधी झाले नाहीत. म्हणून भंग ठरले ते वैयक्तिक अखंडता (कलम ५), संचार आणि निवास (२२), मालमत्ता (२१) आणि न्याय मिळण्याचे हक्क (८ आणि २५), सगळे कलम १(१) सोबत वाचून.

याचा तुमच्या आराखड्याशी थेट संबंध आहे. तपास न करणं हाच गुन्ह्याचा भाग ठरत असेल, तर आयोगाने दोन घटना तपासायच्या: गावात काय झालं, आणि त्यानंतर तपासाचं काय झालं. दुसरी बाजू बहुतेक संघ एका परिच्छेदात उरकतात. तिला चार पानं द्या.

मोइवानाच्या बाबतीत ही दुसरी बाजू भरपूर बोलते. मुलकी पोलिसांनी १९८९ मध्ये तपास सुरू केला, अटकही झाली. लष्कराने माणूस सोडवून नेला. लष्करी कारवाईत मुलकी पोलिसांनी नाक खुपसायचं नाही, अशी सेनाप्रमुख बाउटर्से यांची भूमिका होती. तपास करणारे पोलीस निरीक्षक हर्मन गुडिंग यांचा ऑगस्ट १९९० मध्ये राजधानी पारामारिबोत खून झाला. त्यांच्या हाताखालचे तपासी देश सोडून गेले. पुढे स्टॅन्ली रेन्श यांच्या 'मोइवाना ८६' या संघटनेने २४ मे १९९३ रोजी गावाजवळ सामूहिक खड्डा सापडल्याचं कळवलं. २९ मे रोजी पोलीस, लष्करी पोलीस आणि एक विकृतिशास्त्रज्ञ तिथे गेले. पाच ते सात प्रौढ आणि दोन ते तीन मुलांचे अवशेष आढळले. तपास तिथेच थांबला. २७ जून १९९७ ला आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे अर्ज, २० डिसेंबर २००२ ला प्रकरण न्यायालयात. या तारखा एका तक्त्यात टाका आणि समोरच्या रकान्यात 'या दिवशी कोणाला काय करता आलं असतं' ते लिहा. परीक्षकांना हेच हवं असतं.

आता माफीचा कायदा. सुरिनामचा मूळ कायदा १ जानेवारी १९८५ ते २० ऑगस्ट १९९२ या काळातल्या कृत्यांना माफी देतो, पण मानवतेविरुद्धचे गुन्हे वगळतो. तुमच्या काल्पनिक देशातही तसंच कलम दिसेल. तेव्हा 'माफी अवैध आहे' असं आरडत सुटण्याआधी 'हे कृत्य मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यात बसतं, म्हणून माफीच्या बाहेर' हा सोपा दरवाजा वाजवा. त्यासाठी हल्ला व्यापक किंवा पद्धतशीर होता हे दाखवावं लागतं. एकट्या मोइवानावर ते पेलणार नाही, आजूबाजूच्या घटना जोडा. ३१ डिसेंबर १९८७ ला अत्योनी इथे वीसहून जास्त नि:शस्त्र मरूनांना मारहाण झाली, त्यातल्या सात जणांना लष्करी गाडीतून नेलं. एक पंधरा वर्षांचा होता. वाटेत गाडी थांबवून त्यांच्याच हाती फावडी दिली आणि खड्डे खणायला लावले. हे अलोबुतो प्रकरण. इथे तारीख १९८७ च्या नंतरची आहे बघा, म्हणून जगण्याचा हक्क थेट चालला आणि १९९१ मध्ये सुरिनामने जबाबदारी कबूल केली. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा, तारखेने काय फरक पडतो ते लख्ख दिसतं.

पंचनाम्याचं: भावना समजली, पण आपला पंचनामा दोन पंचांच्या सह्यांवर उभा असतो, मोजमापांवर नाही. आयोगाला वस्तूचा अख्खा प्रवास हवा. कोणी उचलली, कोणत्या पिशवीत, सील क्रमांक काय, रात्री कुठे ठेवली, किल्ली कोणाकडे. मांडणीसाठी मिनेसोटा प्रोटोकॉलची (संशयास्पद मृत्यूंच्या तपासाची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शिका) २०१६ ची सुधारित आवृत्ती घ्या. उत्खननाचं दुसरं कोणी लिहील, माझा तो प्रांत नाही.

काळीमाती

उत्खननाचं मी लिहितो. लांबेल.

सगळ्यात आधी खड्डा कुठे आहे ते. गावकऱ्याने बोट दाखवलं म्हणून फावडं लावायचं नाही. उकरून पुन्हा भरलेली माती आजूबाजूच्या मातीसारखी कधीच बसत नाही. पहिली एकदोन वर्षं फुगवटा, मग आतलं शरीर विघटित झालं की खळगा. खळग्यात पाणी साचतं, गवत जास्त हिरवं किंवा वेगळ्याच जातीचं येतं. वीस वर्षांनी हे पुसट होतं, पण मातीचे थर मिसळलेले राहतात. टोकदार सळई घालून पाहिलं तर भरलेल्या जागी ती सहज जाते, शेजारी अडते. सळई संशयित जागेच्या कडेने घाला, मधोमध नको, नाहीतर कवटीला तुम्हीच भोक पाडाल आणि पुढे ते गोळीचं की सळईचं यावर वाद होईल. मग अर्धा मीटर रुंदीचा एकच चर आडवा घ्या. खड्ड्याची भिंत मातीच्या रंगात दिसली की थांबा. ती भिंत जपायची. कुदळीचे, फावड्याचे किंवा यंत्राच्या दातांचे ठसे भिंतीवरच असतात, आणि खड्डा हातांनी खणला की यंत्राने यावरून बरंच काही ठरतं. गावात यंत्र नसेल तर ते आणलं कोणी?

आपल्याकडच्यांची एक हमखास चूक सांगतो. तापीकाठची काळी माती डोळ्यासमोर ठेवून सगळे लिहितात. आपली माती उन्हाळ्यात तडकते, भेगा हातभर खोल जातात, त्यात काडतुसाचं टोपण (रिकामी पुंगळी) किंवा दात पडला की तो खालच्या थरात सापडतो. पावसात माती फुगते, भेग मिटते, पुरावा गायब. म्हणून काळ्या मातीत 'इतक्या खोलीवर मिळालं म्हणजे तेवढं जुनं' हा हिशोब चालत नाही. पण ती माती अल्कधर्मी, हाड टिकवते. सुरिनामच्या पूर्व भागात उलटं आहे. मोइवानाच्याच रस्त्यावरचं मोएंगो हे एकेकाळी बॉक्साइटच्या खाणींचं गाव, म्हणजे पाण्याने धुपून निघालेली आम्लधर्मी जमीन, आणि पाऊस आपल्या जळगावच्या तिपटीच्या आसपास. अशा जमिनीत हाडं मऊ होतात, बरगड्या आणि मणके आधी जातात. शेवटी उरतं ते दाताचं इनॅमल. तिथे वीस वर्षांनी 'पूर्ण सांगाडे मिळतील' असं गृहीत धरलेला आराखडा पहिल्याच दिवशी कोसळेल. दात मिळवायची तयारी ठेवा, म्हणजे चाळण्या.

चाळण्या दोन, एकाखाली एक. वरची ६ मिलिमीटर, खालची ३. ओली चिकणमाती कोरडी चाळत बसू नका, पाण्याने चाळा; त्यासाठी पंप, टाकी आणि निचऱ्याचा चर आधी ठरवून ठेवा. लहान मुलांच्या हाडांची टोकं जोडलेली नसतात, सुटी निघतात. न सरावलेल्याला ती खडे वाटतात, नाहीतर कोंबडीची हाडं. खालची चाळणी नसली की मुलांचा आकडा कमीच येतो, आणि आरोप बायकामुलं मारल्याचा असेल तेव्हा नेमका तोच आकडा लागतो. १९९३ च्या नोंदीत 'दोन ते तीन मुलं' असा पल्ला आहे. पल्ल्यात आकडा येतो याचा अर्थ मोजणी शेवटाला गेलेली नाही. तुमच्या आराखड्यात 'किमान व्यक्तिसंख्या' हा शब्द वापरा आणि ती काढायची रीतही लिहा: एकाच बाजूचं एकच हाड, उदाहरणार्थ डाव्या मांडीचं, सगळ्यात जास्त वेळा किती आलं? पाच डाव्या मांड्या म्हणजे किमान पाच माणसं. मग त्यात वयाने न बसणारी वेगळी मोजा. दुसरी दाढ साधारण बाराव्या वर्षी येते, पहिली सहाव्या. मुलांचं वय दातांवरून बऱ्यापैकी कळतं. प्रौढांचं कळत नाही, तिथे 'पंचवीस ते पंचेचाळीस' लिहावं लागलं तरी लाजू नका.

रोजचा क्रम: जागेवर एक मीटरचे चौकोन आखायचे, दोरीने. खणण्याआधी धातुशोधकाने अख्खी जागा आणि भोवतालचे वीस-तीस मीटर पालथे घालायचे, प्रत्येक आवाजाला झेंडी. वरची माती पातळ थराने काढायची. हाड दिसलं की लोखंड बाजूला आणि बांबूच्या काड्या, मऊ ब्रश. अख्खं शरीर उघडं होईपर्यंत काही उचलायचं नाही, कारण कोण कोणावर पडलंय हाच पुरावा असतो: सगळे एकदम टाकले की दोन खेपांत. मग फोटो, मोजपट्टी आणि उत्तरदिशेचा बाण ठेवून, वर क्रमांकाची पाटी. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, आत घाम धरतो, बुरशी येते. कागदी पिशवी, कापड, खोका. आठ-दहा जणांच्या खड्ड्याला सहा माणसं आणि दहा ते चौदा दिवस धरा, पावसाची सुट्टी वेगळी. वर ताडपत्रीचा मांडव आणि चारी बाजूंनी चर, हे पहिल्या दिवसाचं काम.

जखमा. कवटीत गोळी शिरते तिथे भोकाची कड आतून रुंद असते, बाहेर पडते तिथे बाहेरून. ताज्या हाडाला तडा गेला तर कड धारदार आणि रंग बाकीच्या हाडासारखाच. तुमच्याच फावड्याने तुटलं तर कड पांढरी, कोरी. ही ओळ आराखड्यात हवी, बचाव पक्ष पहिला वार तिथेच करतो. जाळपोळ असेल तर हाडाचा रंग बघा. काळं म्हणजे कमी आच, पांढरंफेक म्हणजे सातशे अंशांच्या वर. पांढऱ्या हाडातून डीएनए मिळायची आशा सोडा. ते हाताने उचलू नका, पापडासारखं चुरतं, खालच्या मातीच्या ढेकळासकट घ्या.

काडतुसं. टोपणाची लांबी कॅलिपरने मोजा. ३९, ४५ किंवा ५१ मिलिमीटर यावरून बंदुकीचा प्रकार निवडता येतो, बुडावरच्या खुणेवरून कारखाना आणि साल. पितळ हिरवं पडलेलं असतं, घासून चमकवू नका, खूण जाईल. बहुतेक बंदुका टोपण उजवीकडे मागे फेकतात, म्हणून टोपणांचा घोळका दिसला की मारणारा त्याच्या डाव्या अंगाला थोडा पुढे उभा होता. पण गोळी लष्करी म्हणजे मारणारा लष्करी, हे मात्र म्हणू नका. बंडखोर नेता ब्रुन्सवेकच्या 'जंगल कमांडो' या गटाने १९८६ च्या जुलैपासून लष्कराच्या चौक्यांवर छापे टाकले, आणि अशा लढ्यात छाप्यात मिळालेली हत्यारं दुसऱ्या बाजूला जातात. दोन्हीकडे एकच बंदूक असू शकते.

पारोळेकर

काळीमाती भाऊ, हे तर पुस्तकच झालं. एक शंका. डीएनए साठी आम्ही 'मातृवंशाचा डीएनए घेऊ' असं लिहिलंय, कारण जुन्या हाडात तोच टिकतो असं वाचलं. आणि न्जुकांची कुळं आईकडून चालतात, म्हणजे अजूनच बरं, नाही का?

काळीमाती

नाही, तिथेच फसाल. जुन्या हाडात तो जास्त टिकतो हे खरं. पण तो आईकडून सगळ्या लेकरांना जसाच्या तसा जातो. आजी, आई, मावशी, तिची मुलं, सगळ्यांचा एकच. न्जुकांत 'लो' म्हणजे मातृकुळ, त्यातलं लहान घराणं 'बेए'. एका गावात एकाच बेएची माणसं एकत्र राहत असतील आणि एकत्रच मारली गेली असतील, तर मातृवंशाची चाचणी तुम्हाला एवढंच सांगेल की ही सगळी एका घराण्यातली. ते गावात कोणीही फुकट सांगेल. आई कोणती आणि लेक कोणती हे त्यातून निघणार नाही. पेशीकेंद्रातला डीएनए लागतो, आणि प्रत्येक बेपत्त्यामागे किमान दोन-तीन जवळच्या नातेवाइकांचे नमुने, जमल्यास बापाच्या बाजूचेही. बाप दुसऱ्या गावचा असायचा, म्हणून ते नमुने शेजारच्या देशातल्या छावण्यांत जाऊन घ्यावे लागतील. हाडातून नमुना घ्यायचा तर न किडलेली दाढ, मांडीच्या हाडाचा मधला जाड भाग, किंवा कवटीतलं आतल्या कानाभोवतीचं टणक हाड. प्रत्येक व्यक्तीमागे दोन नमुने, एक सीलबंद राखून ठेवायचा. प्रयोगशाळा एकच ठरवू नका.

दुभाषी_नंदुरबार

साक्षीदारांवर कोणीच बोललं नाही, म्हणून.

दुभाष्याचा प्रश्न 'सुरिनामी येणारा माणूस' म्हणून सुटत नाही. राजधानीत स्रानान तोंगो चालते, कोर्टकचेरीत डच, आपल्याकडून गेलेल्यांच्या वंशजांत सरनामी. न्जुका वेगळी. स्रानान येणाऱ्याला न्जुका अर्धवट कळते, आणि अर्धवट कळणारा दुभाषी न कळणाऱ्यापेक्षा वाईट, कारण तो अडखळत नाही.

घरचं उदाहरण घ्या. अहिराणी बोलणारी म्हातारी म्हणाली, "त्या उनात, घर चेटाडात." म्हणजे ते आले, घरं पेटवली. पुण्याकडचा कारकून ऐकतो 'त्या', आणि लिहितो 'त्या आल्या'. झाल्या की नाही बायका आरोपी? 'उनात' त्याला समजलं नाही तर तो अंदाजाने भरणार. असं एक सर्वनाम जबाबात चुकलं की उलटतपासणीत साक्षीदार खोटी ठरते, आणि तिला स्वतःला कळतही नाही की तिने असं काय सांगितलं. म्हणून मूळ भाषेत ध्वनिमुद्रण, मूळ भाषेतच लिप्यंतर, आणि मग भाषांतर. तिन्ही कागद जोडायचे. दुभाषी त्या गावचाच नातेवाईक नको, आणि लष्करातून निवृत्त झालेला तर नकोच.

प्रश्न मोकळे विचारा. 'सैनिकांचे कपडे हिरवे होते का' नको, 'कसे दिसत होते' हवं. कोणी काय डोळ्याने पाहिलं, काय कानाने ऐकलं, काय मागाहून कळलं, हे तीन रंगांत वेगळं करा. जंगलात पळालेल्या माणसाने गोळ्यांचे आवाज ऐकले असतील, मारणारा पाहिलेला नसेल. त्याचा जबाब तेवढ्यापुरता सोन्यासारखा आहे, त्याला डोळ्यांचा साक्षीदार करायला गेलात की दोन्ही जातं. साक्षीदारांना एकत्र बसवून विचारू नका. वीस वर्षं एका छावणीत राहिलेल्यांच्या आठवणी आधीच एकमेकींत मिसळलेल्या असतात, निदान नव्याने मिसळवू नका.

वेळ घड्याळात मागू नका. आपल्याकडे 'आखाजीच्या दोन दिवस आधी', 'कानबाई बसल्या त्या रविवारी' असं सांगतात, तिथेही लोक कोणाच्या मयतीवरून, पेरणीवरून, नदीच्या पाण्यावरून दिवस सांगणार. ते जसंच्या तसं लिहा, तारीख तुम्ही बसवा. २९ नोव्हेंबर १९८६ हा शनिवार होता, हे पडताळायला उपयोगी पडेल.

आता आकडा. एका माणसाची दोन नावं, कधी तीन: सरकार-दरबारी एक, चर्चमधलं एक, गावातलं एक. तीन याद्यांत तो तीनदा मरतो. उलट, तान्ह्या पोराची नोंदच नाही, तो एकदाही मरत नाही. म्हणून यादीत प्रत्येक ओळीला हे रकाने: सगळी नावं, आईचं नाव, बेए, अंदाजे वय, कोणत्या घरात राहायचं, शेवटचं जिवंत कोणी पाहिलं, मृत कोणी पाहिलं, विधी झाला का. आईचं नाव हा रकाना सगळ्यात जास्त कामाचा, दुबार नोंदी त्याने पकडल्या जातात. अलोबुतोच्या भरपाईच्या निकालात, १९९३ मध्ये, न्यायालयाने जन्माचे दाखले नसलेल्यांचा पुरावा दुसऱ्या मार्गाने घेतला आणि वारस ठरवताना सारामाकांची कुटुंबपद्धत पाहिली, हे उद्धृत करा. नाहीतर समोरचे 'दाखला कुठाय' म्हणून बसतील. असल्या याद्या गाळून 'किमान ३९' असा आकडा निकालात आला. 'किमान' खोडू नका. दुसरीकडे वाचलेला मोठा आकडा हवासा वाटेल, पण नावानिशी उभा राहत नसेल तर तो तुमच्या बाजूलाच पाडतो.

आणि विधी. न्जुकांत मृताचं सगळं रीतसर झालं नाही तर आत्मा सुटत नाही आणि जिवंतांना त्रास देतो, न्याय न मिळवून देणं हाही दोष लागतो. आपल्याकडे दहावं-तेरावं अडलेल्या घराची अवस्था आठवा, तशी अख्ख्या गावाची. न्यायालयाने हे नुकसान म्हणून धरलंय. म्हणून हाडं परस्पर राजधानीला हलवायची नाहीत. 'ग्रानमान' म्हणजे समाजाचा प्रमुख, 'काबितेन' म्हणजे गावचा मुखिया. त्यांच्याशी आधी बसून ठरवा की कोण हजर राहील, काय हात लावायचा नाही, आणि हाडं परत कोणत्या महिन्यात येतील. तो महिना लेखी द्या.

वकीलभाऊ_धुळे

हुकुमाचा मुद्दा राहिला होता. लेखी हुकूम शोधत बसू नका, तो मिळत नाही. लष्कर हलतं तेव्हा खर्च होतो, आणि खर्चाचा कागद बरेचदा जाळायचा राहून जातो. गाड्यांचं लॉगबुक, डिझेलची पावती, दारूगोळ्याची देवघेव, त्या आठवड्याचा शिधा, जखमी सैनिकाची दवाखान्यातली नोंद, रजेचं पुस्तक. मोएंगो ते आल्बिना हा एकच मुख्य रस्ता आणि मोइवाना त्यावर आहे. गाड्या त्याच रस्त्याने यायच्या, मग वाटेतली प्रत्येक चौकी कोणाच्या ताब्यात होती? नकाशावर चौक्या मांडा, खाली तारखेनुसार अधिकाऱ्यांची नेमणूक. वरिष्ठाची जबाबदारी दोन वाटांनी लावता येते: हुकूम दिला, किंवा माहीत असून अडवलं नाही आणि नंतर शिक्षा केली नाही. दुसऱ्या वाटेला कागद कमी लागतात. आरोपी सुटल्यानंतर त्याला बढती मिळाली की बदली, ते राजपत्रात असतं.

रोम संविधीचं (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापणारा करार) कलम २८, म्हणजे वरिष्ठाच्या जबाबदारीचं, थेट लावू नका हं. त्या न्यायालयाचा अधिकार १ जुलै २००२ नंतरच्या गुन्ह्यांपुरता. १९८६ ला जिनिव्हा करारांचं सामाईक कलम ३ (अंतर्गत युद्धालाही लागू) आणि रूढ आंतरराष्ट्रीय कायदा, एवढंच हातात आहे.

पारोळेकर

सगळ्यांचे आभार. मागणीच्या भागात आम्ही फक्त पैशांची भरपाई लिहिली होती, ते अपुरं वाटतंय आता.

वकीलभाऊ_धुळे

अपुरंच आहे. मोइवानात १३० वाचलेल्यांना प्रत्येकी ३,००० डॉलर भौतिक आणि १०,००० डॉलर मानसिक नुकसानीचे, ते वेगळे. त्याशिवाय: तपास आणि शिक्षा, अवशेष शोधून परत देणं, गावाच्या जमिनीवर सामूहिक मालकी, परतणाऱ्यांच्या सुरक्षेची हमी, घरं-आरोग्य-शिक्षणासाठी १२ लाख डॉलरचा विकास निधी, जाहीर माफी आणि स्मारक. माफी जुलै २००६ मध्ये मागितली गेली. क्रम लावताना तपास पहिला ठेवा, आणि जमिनीच्या मागणीला नकाशा जोडा. हद्द कोणी आखली हे नकाशाखाली लिहिलेलं नसेल तर परीक्षक तेवढं एकच विचारतील.

काळीमाती

आणि खर्चाच्या पानावर पाण्याचा पंप धरलाय का ते बघा. सगळे विसरतात.